पिशवीतला एकसष्ट

एक काम कर. तुझ्यासमोर एक कापडी पिशवी आहे असं समज. निळी, तोंडाशी नाडी असलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. आत नव्वद लाकडी सोंगट्या आहेत, कोटाच्या बटणाएवढ्या, आणि प्रत्येकीवर एक आकडा आहे, एक ते नव्वद. आता हात आत घाल. बघायचं नाही. बोटांना सगळ्या सारख्याच लागतात. एक उचल.

कोणती आली? सत्तावीस आली असेल, नाहीतर चार. कुठलीही येण्याची शक्यता नव्वदात एक होती. ती परत आत टाक, पिशवी हलव, पुन्हा उचल. पुन्हा नव्वदात एकच. मघाशी काय आलं होतं ते पिशवीच्या लक्षात राहत नाही. अशा दोन घटनांना स्वतंत्र म्हणतात. पहिलीचं दुसरीशी काही देणंघेणं नाही.

पण समज, तू ती सोंगटी परत टाकलीच नाहीस, बाहेर मांडून ठेवलीस. आत आता एकोणनव्वद उरल्या. त्यांतल्या प्रत्येकीची शक्यता किंचित वाढली, आणि जी बाहेर आहे तिची शून्य झाली. पहिल्या वेळी जे घडलं त्यावर दुसरी वेळ अवलंबून राहिली.

एवढंच आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात समजतं. चाळीस वर्षं शिकवतो आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. उल्कालाही समजलं होतं. तिचीच गोष्ट सांगायची आहे. पिशवी हातात असू दे.

कराडच्या शाळेतून निवृत्त झालो आणि मी चंदीगडला मुलीकडे राहायला आलो. विनया, माझी मुलगी, सेक्टर बत्तीसच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. जावई फौजेत. त्याची नेमणूक वर सीमेवर झाली, तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून विनया, तिचा मुलगा अंबरीश आणि मी अशा वसाहतीत राहतो जिथे सगळ्याच घरांतले बाबा सीमेवर गेलेले असतात. पंजाबी, मल्याळी, गढवाली, आणि आम्ही चार-पाच मराठी घरं. मुलं एकमेकांत हिंदी बोलतात. घरी आई मराठीत विचारते, मूल हिंदीत उत्तर देतं, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

वसाहतीत एक मोठी खोली आहे. शनिवारी सकाळी तिथे मी मुलांना गणित शिकवतो आणि शनिवारी संध्याकाळी तिथेच तंबोला होतो. तंबोला माहीत आहे ना? प्रत्येकाकडे एक तिकीट, तिकिटावर पंधरा आकडे. एकजण पिशवीतून सोंगट्या काढून आकडे पुकारतो, आपला आकडा आला की पेनाने काट मारायची. पंधराच्या पंधरा ज्याचे आधी कापले जातील त्याचं फुल हाऊस. पुकारलेली सोंगटी एका पाटावरच्या आपापल्या खळग्यात बसवतात, पिशवीत परत जात नाही. सकाळची माझी पिशवी आणि संध्याकाळची तंबोल्याची पिशवी एकच होती.

उल्काचे बाबा मेजर इंद्रजित नोव्हेंबरात सुट्टीवर आले होते. उंच, मिशीवाले, तासगावकडचे. त्यांच्या सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारी त्यांनाच सगळ्यांनी आकडे पुकारायला बसवलं. ते आकडा आधी इंग्रजीत पुकारायचे आणि मग ठसक्यात मराठीत. "फोर अँड नाइन, एकोणपन्नास!" पंजाबी बायका हसून हसून बेजार. कर्नल संधूंच्या पत्नी, ज्यांना सगळी वसाहत संधू आंटी म्हणते, त्या ओरडल्या, "मेजर साब, ये मराठी वाला नंबर बडा है या छोटा?"

शेवटच्या डावात त्यांनी पुकारणं दुसऱ्याला दिलं आणि स्वतः तिकीट घेतलं. चौदा आकडे कापले गेले. उरला एकसष्ट. चौसष्ट सोंगट्या बाहेर आल्या होत्या, पिशवीत सव्वीस होत्या, आणि मेजर खुर्चीच्या टोकावर बसून एकसष्ट, एकसष्ट असं पुटपुटत होते. तेवढ्यात मागून कुणाचं तरी हाऊस झालं. डाव संपला.

"काय राव!" म्हणत त्यांनी ते तिकीट उल्काच्या हातात दिलं. मी शेजारीच होतो, शब्दन् शब्द ऐकला. "हे सांभाळून ठेव. एकसष्ट अजून पिशवीतच आहे, म्हणजे माझा डाव संपलेला नाही. एप्रिलमध्ये येतो आणि पुरा करतो."

"पक्का?" उल्का म्हणाली.

"पक्का."

सोमवारी ते गेले. पुढच्या शनिवारी तंबोल्यानंतर सोंगट्या गोळा करताना उल्काने एकसष्ट नंबरची सोंगटी हळूच आपल्या कंपासपेटीत टाकली. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. तू माहीत करून घे, म्हणजे पुढचं समजेल. अकरा वर्षांच्या मुलीचा हिशेब सरळ होता. पापांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, आकडा दुसऱ्या कुणी पुकारला, दुसऱ्या कुणाच्या तिकिटावर कापला गेला, तर पापांचा डाव त्यांच्यामागे संपून जाईल. तो पुकारलाच गेला नाही, तर डाव चालू राहील. आणि डाव चालू आहे म्हटल्यावर पापांना यावंच लागेल.

तंबोल्यात पिशवी कधी रिकामी होत नाही. त्याआधी कुणाचं तरी हाऊस होतंच. म्हणून एक सोंगटी कमी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फक्त ज्याच्या तिकिटावर एकसष्ट असेल तो चौदावर येऊन अडकायचा. लोहडीच्या, म्हणजे पंजाबी संक्रांतीच्या, शनिवारी संधू आंटी अडकल्या तेव्हा रेवड्या चघळत म्हणाल्या, "ये सिक्स्टी-वन की भी फील्ड पोस्टिंग हो गई है क्या?" सगळे हसले. उल्का हसली नाही, पण तिचा चेहरा खुलला. मला वाटलं, मुलीला विनोद उशिरा कळला.

जानेवारीचा शेवटचा शनिवार. धुकं असं की खिडकीतून समोरची मेंदीची कुंपणंही दिसत नव्हती. हीटरभोवती नऊ मुलं बसली होती आणि मी स्वतंत्र आणि अवलंबून घटना शिकवत होतो. आधी नाणं उडवलं. सलग चार वेळा छापा आला.

"आता काटाच येणार," अंबरीश म्हणाला. "चार वेळा छापा झाला, आता काट्याची टर्न."

"नाण्याला कसं कळणार चार वेळा झालं ते?"

"म्हणजे नाणं विसरभोळं आहे. तुमच्यासारखं."

"माझ्यासारखं. पण पिशवी तशी नाही. पिशवीतून काढलेलं परत टाकलं नाही, तर ती लक्षात ठेवते." आणि मी ठरवलं, आज पिशवी पूर्ण रिकामी करून दाखवायची. मुलं पाळीपाळीने सोंगट्या काढू लागली. फळ्यावर मी लिहीत गेलो: नव्वदात एक, एकोणनव्वदात एक, अठ्ठ्याऐंशीत एक. शेवटी दहा उरल्या, पाच उरल्या, दोन उरल्या. एकोणनव्वदावी सोंगटी पाटावर बसली. पाटावर एकच खळगा रिकामा होता, एकसष्टचा.

"आता न बघता कोण सांगेल, आत काय आहे?"

"एकसष्ट!" सगळे ओरडले.

"शक्यता किती?"

"एकात एक!"

मी फळ्यावर मोठा एक लिहिला. "म्हणजे नक्की. गणितात याच्याहून मोठी खात्री नाही. अंबरीश, काढ."

अंबरीशने हात घातला. कोपरे चाचपले. मग पिशवी उलटी केली आणि झटकली. काहीच पडलं नाही.

"आबा," तो म्हणाला, "तुमचं नक्की पळून गेलं."

मुलं खो-खो हसली. मी हसलो नाही. खरं सांगतो, मला राग आला होता. सोंगटी हरवल्याचा कमी, माझी खात्री मुलांसमोर उलटी झटकली गेल्याचा जास्त. मी त्यांना सांगितलं, खेळ सगळ्यांचा आहे. एक सोंगटी नसली की कित्येकजण आठवड्यामागून आठवडे न जिंकता येणारं तिकीट घेऊन बसतात, हा अन्याय आहे. कुणाकडे असेल तर त्याने ती परत करावी.

शाळेत काही हरवलं की आम्ही मुठीची फेरी घ्यायचो. चोर पकडायचा नाही, वस्तू परत मिळवायची. प्रत्येक मुलाने मूठ मिटून पिशवीत घालायची आणि उघडून बाहेर काढायची. मास्तरांनी पाठ फिरवायची. मी पाच मिनिटं दिली, वस्तू दप्तरात असेल तर घेऊन या म्हटलं, आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. एकामागून एक मुलं पुढे येत होती. मधेच फेरी थांबली. बराच वेळ काही हललं नाही. मग लाकडाचा बारीक आवाज झाला. टक्.

मी वळलो तेव्हा पिशवीत एकसष्ट होता. मला फार समाधान वाटलं. मी म्हणालो, ज्याने कुणी ठेवला त्याने आज धैर्याचं काम केलं. उल्का तेव्हा वहीत समास आखत होती.

त्या संध्याकाळी दुसऱ्या डावात चौथीच सोंगटी एकसष्ट निघाली. संधू आंटी खुर्चीवरून उठून नाचल्या. "आ गया! पोस्टिंग से वापस आ गया!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उल्का उठून बाहेर गेली. धुक्यात इतक्या थंडीची कशाला गेली, असं माझ्या मनात आलं, आणि मी माझ्या तिकिटाकडे वळलो.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास वसाहतीत गाडी आली. आमच्या वसाहतीत ही गाडी सगळ्यांना ओळखता येते. गणवेशातले दोन अधिकारी, सोबत एक वडीलधारी बाई. प्रत्येक खिडकीत एक बाई उभी राहते आणि गाडी कुठल्या दारापुढे थांबते ते बघते. विनया माझा दंड धरून उभी होती. गाडी आमच्या फाटकापाशी हळू झाली आणि पुढे गेली. आम्ही दोघांनी श्वास सोडला. त्या श्वासाची मला अजून लाज वाटते. गाडी उल्काच्या दारात थांबली. मागच्या दाराने संधू आंटी उतरल्या, डोक्यावर ओढणी घेतली आणि जिना चढू लागल्या.

मेजर इंद्रजितांच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता.

उल्का आणि तिची आई स्वराली तासगावला गेल्या. तीन आठवड्यांनी परत आल्या, कारण मार्चमध्ये उल्काची वार्षिक परीक्षा होती. नंतर घर सोडून कायमचं गावी जायचं ठरलं होतं. पहिल्याच शनिवारी उल्का वर्गाला आली. केस घट्ट बांधलेले, वही नीट कव्हर घातलेली. सगळी गणितं बरोबर. रडली नाही, रुसली नाही. फक्त पिशवी तिच्यापर्यंत आली की हात मांडीखाली घालून बसायची आणि पिशवी पुढे जायची. मी पुढचं उदाहरण घ्यायचो. लहान मुलांना वेळ द्यावा लागतो असं मला वाटत होतं. कशासाठी वेळ, हे मी स्वतःला विचारलं नाही.

उजळणी म्हणून मी एक प्रश्न दिला. तुमच्या मनाने कुठल्याही दोन घटना लिहा आणि त्या स्वतंत्र आहेत की अवलंबून, ते सांगा. वह्या घरी आणून तपासायला बसलो. अंबरीशने लिहिलं होतं, 'आबांनी तिसरा चहा मागणे, आणि आईने डोळे मोठे करणे. अवलंबून.' हसत हसत मी खालची वही उघडली. उल्का इंग्रजीत लिहायची. त्याचं मराठी असं:

'पहिली घटना: मी ६१ परत टाकला. दुसरी घटना: पापा. उत्तर: अवलंबून.'

चहा तसाच राहिला. मी ती ओळ कितीदा वाचली असेन, सांगता येणार नाही. तो टक् आवाज मला पुन्हा ऐकू आला. मुलीने सोंगटी परत टाकली होती, कारण मी टाकायला लावली होती. तिच्या वहीतल्या दोन घटनांच्या आधी एक तिसरी घटना होती. ती म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी स्वरालीकडे गेलो. उल्का शाळेत होती. वहीचं मी सांगितलं नाही, एवढंच विचारलं, नक्की कधी घडलं? तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "शनिवारी पहाटे, आबा. पावणेपाचला. हवा खराब होती, शोधून काढेपर्यंत दुपार गेली. आम्हाला रविवारी कळलं."

शनिवारी पहाटे पावणेपाचला. माझी मुठीची फेरी त्याच शनिवारी साडेअकराला होती.

मला वाटलं, उत्तर सापडलं.

त्याच संध्याकाळी उल्का झोपाळ्यावर बसली होती. वर सावरीचं झाड, खाली लाल फुलांचा सडा. मी शेजारच्या झोपाळ्यावर बसलो. साखळी कुरकुरली.

"टूट जाएगा, आबा," ती म्हणाली.

"शक्यता किती?"

तिने पायाने एक फूल ढकललं. मी विचारलं, "ती सोंगटी तुझ्याकडे होती?"

"कंपास में थी. ग्यारह हफ्ते."

"आणि मग मी फेरी घेतली."

"आपने बोला था ना, गेम सबका है." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझं वाक्य तिने मला परत दिलं.

"उल्का, तू वहीत लिहिलंस ते गणित मीही केलं. फेरी घेतली नसती तर, असं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आपका भी डिपेंडंट आया?"

"आलं. पण ते चूक आहे. तुझंही आणि माझंही. वर चार दिवस बर्फ पडत होतं. उतारावर भार वाढला, मग वारा सुटला. जितकं बर्फ जास्त तितकी कडा सुटण्याची शक्यता जास्त. ते एकमेकांवर अवलंबून. पण चंदीगडातल्या एका पिशवीत किती सोंगट्या आहेत, हे बर्फाला माहीत नसतं."

"लेकिन उसी दिन हुआ. उसी दिन, आबा."

"एका दिवशी दोन गोष्टी घडतात. म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. आणि ऐक." मी तिला वेळ सांगितली. "पावणेपाचला. तेव्हा सोंगटी कुठे होती?"

तिचे पाय जमिनीवर टेकले. झोपाळा थांबला. ती मनात मागे मागे गेली, वर्ग, फेरी, सकाळ, पहाट.

"मेरे कंपास में," ती म्हणाली. "बॅग में. बेड के पास."

"मग?"

गणित सुटल्यावर मुलाचा चेहरा कसा दिसतो ते मी हजार वेळा पाहिलं आहे. मी त्याची वाट बघत होतो. तो चेहरा आला नाही.

"मतलब मैंने संभालके रखा था, तब भी?"

"हो."

"ग्यारह हफ्ते रखा, उसका भी कुछ नहीं?"

"नाही बाळा. ठेवण्याचाही काही संबंध नाही."

"मतलब मैं यहाँ से कुछ भी करती..." वाक्य तिने पुरं केलं नाही. तिने झोपाळ्याची साखळी घट्ट धरली. मी तिच्या डोक्यावरून एक ओझं उतरवायला आलो होतो आणि आता दिसत होतं की त्याच ओझ्याला धरून ती उभी होती. सोंगटी ठेवल्याने पापा सुखरूप होते आणि परत टाकल्याने गेले, असं असेल तर तिच्या आणि पापांच्या मध्ये एक दोरी होती. मी येऊन ती कापली होती. स्वतंत्र या शब्दाचा हाही अर्थ होतो, हे चाळीस वर्षांत मी कुठल्या वर्गाला सांगितलं नव्हतं.

"आपका मॅथ गंदा है, आबा," उल्का म्हणाली आणि रडायला लागली. गाडी आली त्या दिवसापासून पहिल्यांदा. मी हात पुढे केला तेव्हा ती उठली आणि घराकडे धावत गेली. तिचा झोपाळा बराच वेळ एकटाच हलत राहिला.

पुढचे दोन शनिवार ती वर्गाला आली नाही. मी विनयाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगितलंत ते बरोबर केलंत, आबा. पण तिला लगेच बरं वाटावं असं तुम्हाला का वाटलं?"

परीक्षा संपली. स्वरालीच्या दारात काळ्या लोखंडी ट्रंका रांगेने उभ्या राहिल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत मेजर इंद्रजितांचं नाव. सोमवारी ट्रक येणार होता. शनिवारी संध्याकाळी तंबोला होता, आणि मायलेकी येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते.

सहा वाजता त्या आल्या. संधू आंटींनी आपली खुर्ची स्वरालीला दिली. उल्का सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, पिशवी."

मी दिली. तिने ती टेबलावर उलटी केली. एक एक सोंगटी उचलून पाटावरच्या खळग्यात बसवली, एकपासून. आम्ही सगळे थांबून राहिलो. साठ झाल्यावर क्षणभर अडखळली, मग एकसष्ट बसवला, मग बासष्ट. शेवटचा खळगा भरल्यावर म्हणाली, "नव्वद हैं," आणि सगळ्या सोंगट्या पुन्हा पिशवीत भरल्या. मग विचारलं, "आज मैं बोलूँ?"

कुणी नाही म्हणालं नाही. तिने कंपासपेटी उघडली, नोव्हेंबरातलं ते तिकीट काढलं आणि पाण्याच्या ग्लासखाली ठेवलं. चौदा काटांचं तिकीट. मी ओळखलं. स्वरालीनेही.

डाव सुरू झाला. उल्का सोंगटी काढायची, आकडा पुकारायची, पाटावर बसवायची. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी हात घालण्याआधी ती स्वतःशी पुटपुटायची. वन बाय नाइन्टी. वन बाय एटी-नाइन. वन बाय एटी-एट. मधेच अंबरीश "फर्स्ट लाइन!" करून ओरडत पुढे आला. तिने तिकीट तपासलं आणि म्हणाली, "ट्वेंटी-टू निकला ही नहीं है. बोगी. बैठ जा." चुकीच्या दाव्याला तंबोल्यात बोगी म्हणतात. मोठी माणसं हसली. तीही थोडी हसली.

सदतीस सोंगट्या बाहेर आल्या. "वन बाय फिफ्टी-थ्री," उल्का पुटपुटली आणि तिने हात घातला.

सोंगटी बाहेर आली. तिने पाहिली. आणि मूठ मिटली.

मेजरांचा एकसष्ट सगळ्यांनाच आठवत होता. सगळ्यांना कळलं. संधू आंटींचं पेन तिकिटावर उभंच राहिलं. उल्काने मूठ छातीशी धरली होती. ती सोंगटी तिने खिशात टाकली असती तर त्या खोलीतला एकही माणूस काही बोलला नसता. मी तर नाहीच. मी पुन्हा कधी मुठीची फेरी घेणार नव्हतो. छताचा पंखा कुरकुरत फिरत होता. मी माझ्या तिकिटाकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"सिक्स अँड वन," ती म्हणाली. आवाज फाटला. ती पुन्हा म्हणाली, "सिक्स अँड वन. एकसष्ट."

ते तिने मराठीत म्हटलं. तोच तासगावी ठसका होता.

कुणी टाळी वाजवली नाही. स्वरालीने तोंडावर पदर घेतला होता. उल्काने एकसष्ट त्याच्या खळग्यात बसवला आणि बोटाने दाबला. ग्लास बाजूला केला. तिकीट पुढे ओढलं, माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि पंधराव्या चौकटीवर सावकाश काट मारली. हाऊस असं ती ओरडली नाही. तिकिटाची घडी केली, कंपासपेटीत ठेवली, झाकण लावलं. बाह्यांनी दोन्ही डोळे पुसले.

बाकीच्यांची तिकिटं अजून अर्धी होती. "वन बाय फिफ्टी-टू," उल्का पुटपुटली. तिने पिशवी हलवली आणि पुन्हा आत हात घातला.